वाचकांचे प्रश्न : ड्युटी सांभाळून मधुमेहाचा आहार

प्रश्न : माझे पती ४९ वर्षांचे असून एसटीत चालक आहेत. त्यांना टाइप दोन मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. गेल्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ८.४ आले. त्यांनी आधी दोनदाच जेवून पाहिले, मग पोळी-भात पूर्ण बंद केला. दोन्ही टिकले नाही. मुक्कामी गाडी असली की जेवणाची वेळही हातात राहत नाही. नेमका कोणता आहार धरावा?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आहार ठरवण्याआधी गोळ्यांचा विचार करावा लागेल. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न नसले तरी तिचे काम चालूच राहते. त्यामुळे ती घेऊन जेवण चुकवले, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून हात थरथरणे, दरदरून घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे प्रकार होऊ शकतात. आणि स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. म्हणून डॉक्टरांकडून औषध बदलून घेतल्याशिवाय तुमच्या पतींनी दोनदाच जेवण्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व मधुमेहींना लागू पडेल असा एकच आहार नाही, हे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालातही म्हटले आहे. भाज्या भरपूर, साखर व मैदा कमीत कमी, आणि पाकिटबंद पदार्थांऐवजी साधे अन्न, एवढे सांभाळले तर बाकीचे घराच्या सवयीप्रमाणे ठरवता येते. तुमच्याकडे ज्वारीची भाकरी रोजचीच असेल, तर ती सोडण्याचे कारण नाही. मात्र भाकरीने साखर वाढत नाही, हा समज सोडावा : १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे जवळपास गव्हाइतकीच. डब्यात तीन भाकरी आणि तोंडी लावण्यापुरती भाजी जात असेल, तर त्याऐवजी दीड भाकरी, मटकीची घट्ट उसळ, वाटीभर मेथी किंवा शेपू आणि काकडी द्यावी. निम्मी उसळ-भाजी आधी खाऊन मग भाकरीला हात घातला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. (उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्या दिवशीही गोळी चालूच असते, हे विसरू नये.)

खरी गडबड बहुधा स्टँडवरच्या चहात असते. दोन चमचे साखरेच्या एका कपात सुमारे १० ग्रॅम साखर जाते आणि चालकाचे दिवसाला पाच कप सहज होतात. तिथे गूळ घातला तरी फरक पडत नाही. चहा बिनसाखरेचाच घ्यावा. मुक्कामी ड्युटीला फुटाणे किंवा उकडलेली अंडी बरोबर द्यावीत, म्हणजे जेवण लांबले तरी वडापाववर वेळ भागवावी लागणार नाही.

साखरेची पुडी खिशात हवीच. थरथर जाणवताच गाडी बाजूला घेऊन तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी आणि ती ७० च्या वर येऊन पूर्ण बरे वाटेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना महिन्याचा ड्युटी तक्ता दाखवा आणि साखर अशी एकदम न उतरवणारी दुसरी गोळी चालेल का, हे विचारा. बदललेल्या डब्याचा परिणाम एचबीए१सीमध्ये दिसायला तीन महिने लागतात, तोवर आहार पुन्हा बदलू नका.