करवतीचं यंत्र घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि सोबतचा व्हिडिओही पाहिला. पत्त्यांचा पंखा छान उघडतेस, नाणंही स्वच्छ गायब होतं. बोटांबद्दल मला काही बोलायचं नाही. तू विचारलं आहेस ते वेगळंच. नोकरी सोडून पूर्ण वेळ जादूगार म्हणून स्टेजवर यायचं तर पहिला मोठा आयटम कोणता घ्यावा, आणि तो कारागीर करवतीच्या यंत्राची जी किंमत सांगतोय ती रास्त आहे का?

रास्त असेल. पण घेऊ नकोस, निदान वर्षभर तरी नको. कारण सांगायचं तर या एका आयटमचीच कुळकथा सांगावी लागेल. थोडं पाल्हाळ होईल, सहन कर.

जानेवारी १९२१. लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटरात पी. टी. सेल्बिट नावाच्या जादूगारानं एका बाईला लाकडी पेटीत बंद केलं आणि पेटी मधोमध करवतीनं कापली. बाई पूर्ण आत. तिच्या हातापायांना बांधलेले दोर तेवढे बाहेर, आणि ते प्रेक्षकांच्या हातात. लोक वेडे झाले. सेल्बिटही बेरकी. मध्यंतरात थिएटरबाहेरच्या गटारात लाल पाणी ओतायला माणसं ठेवायचा, शहरातून ॲम्ब्युलन्स फिरवायचा. तरी वर्ष संपायच्या आत आयटम त्याच्या हातून गेला. अमेरिकेत होरेस गोल्डिननं डोकं आणि पाय पेटीबाहेर दिसतील अशी सुधारित पेटी काढली, तिच्यासाठी एकाच वेळी अनेक संच फिरवले, आणि सेल्बिट तिकडे पोचला तेव्हा स्वतःच्याच प्रयोगाला आधीचं नाव लावायची त्याला सोय राहिली नव्हती.

म्हणजे गोल्डिन जिंकला म्हणायचं? त्यानं पुढे त्या पेटीचं पेटंट घेतलं. आता पेटंट घ्यायचं तर युक्ती कागदावर उलगडून सरकारला द्यावी लागते, आणि तो कागद कुणालाही वाचता येतो. १९३३ च्या सुमारास एका सिगारेट कंपनीनं जादूची गुपितं फोडणारी जाहिरातमाला काढली, तीत हेही आलं. गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ मध्ये हरला. जे तुम्हीच जाहीर केलंत ते गुपित कसलं, असा त्या निकालाचा सरळ अर्थ. पुढच्याच वर्षी तो वारला. मला या माणसाबद्दल वाईट वाटतं, कारण कसबात तो कुणापेक्षा कमी नव्हता.

आता तिसरा. ९ एप्रिल १९५६, बीबीसीचा ‘पॅनोरमा’ हा गंभीर बातम्यांचा कार्यक्रम. त्यात शेवटी आपले पी. सी. सरकार. मैमनसिंगकडच्या टांगाईलचा हा बंगाली माणूस महाराजाच्या वेषात उभा राहतो, सतरा वर्षांच्या दीप्ती डे हिला टेबलावर झोपवतो आणि फिरती विजेची करवत तिच्या कमरेतून आरपार नेतो. पेटी नाही, काही नाही. मग तो तिचा हात चोळतो, तिला हाक मारतो. ती उठत नाही. सरकार मान हलवतात आणि तिच्या तोंडावर कापड टाकतात. निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगतो. झालं! बीबीसीचे फोन तुंबले. देशभर लोकांना वाटलं, मुलगी डोळ्यांदेखत मेली. वेळ संपली म्हणून कार्यक्रम तोडावा लागला, असा खुलासा झाला. वेळ संपली की संपवली, हे तू ठरव. सरकारांना मिनिटाचं गणित चुकण्याची सवय नव्हती. ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरातले त्यांचे पुढचे खेळ हाउसफुल्ल झाले.

विजेच्या करवतीचा तो आयटमही मुळात गोल्डिनचाच होता. गोल्डिन तोवर कुणाच्या आठवणीत नव्हता. सरकारांना मात्र करवत हाती घेण्याआधीच लोक ओळखत होते. तो फेटा, तो शिरपेच, ‘इंद्रजाल’ हे खेळाचं नाव, आणि नवखे असल्यापासून स्वतःला ‘जगातला सर्वश्रेष्ठ जादूगार’ म्हणवून घेण्याचा धीटपणा. (या शेवटच्या गोष्टीवरून त्यांना पुष्कळ बोलणीही खावी लागली. तू त्यातलं धैर्य घे, बिरुद नको.) एक परदेशी आयटम त्यांनी इतका आपलासा केला की लंडनच्या पेपरांना तो हिंदुस्थानचा वाटला.

म्हणून मी तुला आधी विचारतो, स्टेजवर कोण येणार आहे? व्हिडिओत मला पत्ते दिसले, तू दिसली नाहीस. चेहरा सारखा हातांकडे. प्रेक्षकांनी कुणाकडे बघावं?

हूडिनीचं बघ. सगळ्यांना तो जन्मापासून बेड्या तोडत आला असं वाटतं. बुडापेस्टमध्ये १८७४ साली जन्मलेला हा एरिक वाइस अमेरिकेत वाढला आणि बरीच वर्षं स्वस्तातल्या तमाशाघरांत दिवसाला डझनभर खेळ करत राहिला. पत्ते, पेटीत बायकोशी अदलाबदल, मिळेल ते. १८९८ संपता संपता तो इतका टेकीला आला होता की आपली गुपितं विकायला त्यानं कॅटलॉग छापला. गिऱ्हाईक आलं नाही, हे आपलं नशीब. पुढच्या वसंतात मिनेसोटातल्या सेंट पॉल गावी मार्टिन बेक नावाच्या नाटक कंपन्यांच्या बड्या ठेकेदारानं त्याचा खेळ पाहिला, स्वतः बेड्या आणून त्याची परीक्षा घेतली आणि सांगितलं की ही किरकोळ जादू सोड, बेड्या आणि पेटी एवढंच ठेव. आठवड्याला साठ डॉलरवर ओमाहात सुरुवात झाली, आणि वर्षभरात तो युरोप गाजवायला निघाला.

गंमत अशी की हूडिनी स्वतःला ‘पत्त्यांचा राजा’ म्हणवत असे आणि ते त्याला मनापासून पटलेलं होतं. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या तरुणानं त्याला पत्त्याचा एकच खेळ पुन्हा पुन्हा दाखवला. हूडिनीला तो उलगडला नाही. म्हणजे ज्या कामाचा त्याला अभिमान होता त्यात तो मध्यम होता, आणि ज्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता ते काम बाहेरच्या माणसानं ओळखलं. तुलाही असा बेक लागेल. आरशासमोर रियाज कर, पण स्वतःची निवड आरशाला विचारू नकोस.

मार्च १९०४ मधला लंडनचा प्रसंग तर मी शिकवणीत प्रत्येकाला सांगतो. ‘डेली मिरर’ या दैनिकानं बर्मिंगहॅमच्या कुलूपकारानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या खास बेड्या आणल्या आणि हिपोड्रोम थिएटरात हूडिनीला आव्हान दिलं. हजारो माणसं जमली. तो पडदे लावलेल्या छोट्या चौकटीत शिरला, बँड वाजू लागला. तासाहून जास्त वेळ प्रेक्षकांना दिसलं काय? पडदा. मधूनमधून तो घामानं निथळत बाहेर यायचा. एकदा म्हणाला, कोट काढायचाय, बेड्या उघडा. नकार मिळाला. मग त्यानं खिशातला चाकू काढला, दातांनी उघडला आणि अंगावरच्या कोटाच्या चिंध्या करून तो फेकून दिला. लोक बाकांवर उभे राहिले. शेवटी मोकळे हात घेऊन बाहेर आला तेव्हा तो रडत होता. हे सगळं आधीच ठरलेलं होतं का, यावर जादूगार आजही भांडतात. ठरलेलं असलं तरी माझं म्हणणं बदलत नाही. सुटकेची युक्ती कुणालाच दिसली नाही. लोकांनी तासभर एका माणसाची काळजी वाहिली.

तुझ्या स्वभावाला हूडिनीची झटापट मानवणार नाही, ते मला कळतं. मग कार्डिनी बघ. जुन्या चित्रफितीत त्याचं काम पाहायला मिळतं. हा वेल्सचा पोरगा पहिल्या महायुद्धात खंदकात होता. थंडीनं बोटं गारठायची म्हणून हातमोजे घालूनच पत्त्यांचा सराव करायचा, आणि पुढे तेच हातमोजे त्याची ओळख झाले. स्टेजवर तो एक झिंगलेला, एका डोळ्यावर चष्मा लावलेला सभ्य गृहस्थ. त्याच्या हातात पत्ते येत राहतात आणि त्याला ते नको असतात. टाकतो, पुन्हा येतात. जादू करणाऱ्यालाच जादूचा वैताग! तोंडातून शब्द नाही, पेटी नाही, सोबत पोऱ्याच्या वेषात त्याची बायको. जेमतेम काही मिनिटांच्या त्या खेळावर त्याचं सगळं आयुष्य उभं राहिलं. नक्कल करणारे खूप निघाले, पण तो वैताग कुणाला जमला नाही.

पात्र निवडताना एक पथ्य मात्र पाळ. स्टेजवरून उतरल्यावर जे पेलता येणार नाही असं पात्र घेऊ नकोस. विल्यम रॉबिन्सन हा न्यू यॉर्कचा माणूस. केलर आणि हर्मन या दोन मोठ्या जादूगारांच्या खेळांत पडद्यामागचं काम करून तयार झालेला, यंत्रांचा पक्का जाणकार. पण बोलता येईना, छाप पडेना. तेव्हा चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराचं यश पाहून त्यानं १९०० मध्ये चुंग लिंग सू हे नाव आणि चिनी वेष घेतला. स्टेजवर इंग्रजीचा शब्द काढायचा नाही, पत्रकारांशीही दुभाष्यामार्फत बोलायचं. खरा फू १९०५ मध्ये लंडनला येऊन आव्हान देऊन बसला, तरी लोकांना नकलीच अधिक आवडला. याचा मला अजून राग येतो.

२३ मार्च १९१८ ला लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर थिएटरात बंदुकीची गोळी झेलण्याचा आयटम चालू असताना गोळी खरीच छातीत शिरली. तेव्हा पहिल्यांदा प्रेक्षकांनी त्याच्या तोंडून इंग्रजी ऐकलं. काहीतरी झालंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत कळलं ते तू वहीत लिहून ठेव. बंदुकीत भरलेली गोळी तशीच राहायची आणि बार खालच्या वेगळ्या नळीतून उडायचा. खेळ झाल्यावर गोळी झाडून नळी मोकळी करण्याऐवजी तो मागचा भाग खोलून दारू आणि गोळी बाहेर काढत असे. वर्षानुवर्षं असं केल्यानं आटे झिजले, फटीत दारूची भुकटी साचली आणि त्या रात्री ठिणगी वरच्या नळीत पोचली. गुपित कुणाला कळू नये म्हणून बंदूक तो एकटाच हाताळायचा. त्यामुळे झीज दिसायला दुसरा डोळाच नव्हता. तुझ्या सामानाची प्रत्येक कडी, बिजागरी, स्प्रिंग तुझ्याखेरीज आणखी एका माणसानं तपासलीच पाहिजे. आग, पाणी, धारदार पातं असलं काही तर मी सुरुवातीला करूच देणार नाही.

याच पथ्यातलं दुसरं. मनातलं ओळखण्याचे खेळ सध्या फार चालतात, तुझाही कल तिकडे दिसतो. जरूर कर. पण प्रयोग संपल्यावर एखादी बाई हरवलेल्या मंगळसूत्राचं विचारायला विंगेत येईल, कुणी मुलीची पत्रिका घेऊन येईल. त्यांना तोंडावर सांगायचं की हा खेळ आहे, मला शक्ती-बिक्ती काही नाही. हूडिनीनं उतारवयात मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांचा पिच्छा पुरवला, बॉस्टनच्या ‘मार्जरी’ची लबाडी १९२४ मध्ये पुस्तिका छापून मांडली. आपल्याकडे तर २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायद्यासाठी नव्हे, त्या बाईसाठी सांग.

बाई म्हणून कंपनी चालवता येईल का, असं तू पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात विचारलं आहेस. वर आलेला जादूगार ॲलेक्झांडर हर्मन डिसेंबर १८९६ मध्ये दौऱ्यावर असताना रेल्वेत गेला. मागे कर्ज, माणसं, जनावरं, ठरलेल्या तारखा. बायको ॲडलेड तोवर त्याची सहायक होती. तिनं पुतण्याला बोलावून घेऊन काही सीझन काढले, पटेना तेव्हा एकटी उभी राहिली आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षं स्वतःच्या नावावर खेळ केले. सहा बंदुकांसमोर उभं राहून गोळ्या झेलण्याचा आयटम तिनं १८९७ मध्येच केला होता. १९२६ मध्ये गोदामाला आग लागून तिची जनावरं आणि सामान गेलं, तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती. त्यानंतरही उरल्यासुरल्यातून छोटा खेळ बांधून ती पुन्हा स्टेजवर आली. ती उभी राहू शकली कारण नवऱ्याच्या हयातीतच कुठली पेटी कुठल्या डब्यात चढते आणि ठेकेदाराकडून पैसे कधी मागायचे हे तिला माहीत होतं. आपल्या पुण्याच्या जादूगार रघुवीरांचं नावही मुलानं, मग नातवानं चालवलं. असा खेळ सामानाबरोबर हिशेबाची वहीही पुढच्या हाती गेल्याशिवाय चालत नाही.

तर आता तुझं. नोकरी तूर्त सोडू नकोस. शाळांची गॅदरिंगं, सोसायट्यांचे गणपती, वाढदिवस, जे मिळेल ते शनिवार-रविवारी घे, पण फुकट एकही नको. फुकटचा प्रेक्षक उठून जायला मोकळा असतो, त्याच्याकडून काही शिकता येत नाही. या काळात दहा मिनिटांचा एक खेळ बांध. पत्ते, नाणी, दोर, रुमाल यांपलीकडे काही नको. तुझ्या ऑफिसातली, सतत काहीतरी हरवणारी आणि ते भलत्याच ठिकाणी सापडणारी मुलगी, जी तू फोनवर नक्कल करून दाखवलीस, ती मला त्या पत्त्यांपेक्षा जास्त आवडली होती. तिच्या हातात पत्ते देऊन बघ.

कारागिराला सांग, विसार वर्षानंतर. तो कुरकुरेल, पण गिऱ्हाईक तोडणार नाही. दिवाळीनंतर माझ्याकडे ये, दहा मिनिटं करून दाखव. आईला घेऊन ये. तिच्या चेहऱ्याकडे मी बघेन, तू बघू नकोस.

तुझा,
काका