शिंग आणि हॉर्न, सख्खे चुलतभाऊ

प्रश्न : ताई, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत होतो तर सहावीतली मुलगी म्हणाली, बाबा, इंग्लिशच्या पुस्तकात हॉर्न म्हणजे शिंग दिलंय, मग गाडीला कुठंय शिंग? मला काय सांगावं सुचलंच नाही. आणि शिंगाड्याचा पण शिंगाशी संबंध आहे का? (एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : दादा, मुलीला आधी माझ्याकडून शाबासकी द्या, फार छान प्रश्न विचारलाय तिने. पूर्वी लोक जनावराचं शिंग पोकळ करून त्याचं टोक कापून फुंकायचे, लांबवर आवाज जायचा, म्हणून त्या वाद्याचंच नाव शिंग पडलं आणि तिकडे इंग्रजीतही अगदी तसंच झालं. मग वाद्य धातूचं झालं तरी नाव तेच राहिलं, आपल्याकडे पालखीपुढे वाजतं ते शिंग तांब्यापितळेचंच असतं ना. जुन्या मोटारींना रबरी फुगा दाबून वाजवायचा कर्णा असायचा, त्याला इंग्रजीत हॉर्न म्हणायचे, आता आत वायर आणि बटण आलं तरी हॉर्न तो हॉर्नच. आपण मात्र गाडीबरोबर शब्दही तयार घेतला, म्हणून गाडीला शिंग आलं नाही, पण लढाईची हाक द्यायची तर आजही रणशिंगच फुंकतो!

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे दोन शब्द मुळात एकाच घरचे आहेत. संस्कृत शृंग, लॅटिन कॉर्नू, इंग्रजी हॉर्न, तिघांचं मूळ एकच, फक्त सुरुवातीचा आवाज संस्कृतात श झाला, लॅटिनमध्ये क राहिला आणि इंग्रजीत ह झाला. शत आणि हंड्रेड बघा, तिथेही श चा जोडीदार ह च आहे. मुलीला हे नक्की सांगा, तिला मजा येईल.

शृंग म्हणजे डोंगराचं शिखरसुद्धा, वणीच्या सप्तशृंगी देवीच्या नावात तेच आहे, सात शिखरं.

शिंगाड्याचं म्हणाल तर हो, संबंध आहे. संस्कृतात शृंगाटक, त्यावरून शिंगाडा. सोलायच्या आधी तळ्यातला ताजा शिंगाडा हातात घेऊन बघा, दोन्ही बाजूंना टोकं निघालेली असतात, अगदी बैलाचं तोंड समोरून दिसावं तसं. पुढच्या उपासाला मुलीच्या हातात एक अख्खा ठेवा.