वरण घट्ट करा, चहा लांब ठेवा : शाकाहारी आहाराची प्रश्नोत्तरे

प्रश्न : वजन ५५ किलो, पूर्ण शाकाहारी. जिममध्ये सांगतात, पावडर घेतल्याशिवाय प्रोटीन पुरं पडणार नाही. खरं का? (कासारवडवली, ठाणे)

नाही. रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं. वजनं उचलून जोरात व्यायाम करत असाल तर थोडं जास्त, पण तेही घरच्या जेवणातून निघतं.

गडबड होते ती पातळ वरणात. चौघांसाठी अर्धी वाटी तूरडाळ कुकरला लावायची आणि घोटताना पाणी वाढवत न्यायचं. मग एकेकाच्या वाट्याला जेमतेम २० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम प्रोटीन येतं. वाटी भरलेली दिसते, एवढंच. माणशी ३० ग्रॅम डाळ मोजून लावा. एकदा किचनच्या काट्यावर वजन करून बघितलं की पुढे अंदाज चुकत नाही.

दिवसभराचा हिशोब असा : चार पोळ्या ११ ग्रॅम, भात ४, घट्ट वरण ६.५, मटकीची उसळ (३० ग्रॅम कोरडी मटकी) ६, वाटीभर दही ५, भाजी-कोशिंबिरीतलं २० ग्रॅम दाण्याचं कूट ५, पेलाभर दूध ६.५. झाले ४४. वर ३० ग्रॅम भाजलेले चणे किंवा ५० ग्रॅम पनीर घेतलं की गरज भागून थोडं उरतं. प्रोटीनच्या घटकांपैकी पोळी-भातात लायसिन कमी असतं आणि डाळीत मेथिओनिन कमी; दोन्ही दिवसभरात पोटात गेली की झालं, एकाच घासात हवीत असं नाही. मात्र सगळी डाळ रात्रीवर ढकलू नका. डब्यात उसळ न्या.

उपासाला फक्त साबुदाणा खाल्लात तर प्रोटीन जवळपास शून्य. त्या दिवशी राजगिरा, दाणे आणि दही हवंच.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, बरीच वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू. पायांना मुंग्या येतात. आम्ही इडली, आंबोळी, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) देतो. बी१२ जीवनसत्त्व यातून मिळेल ना? (नेरुळ)

नाही मिळणार, आणि इथे वेळ काढू नका. धान्य, डाळ, भाजी, फळ यांपैकी कशातूनही बी१२ मिळत नाही. आंबवलेल्या पदार्थांवर भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिनात बहुतांशी बी१२ सारखं दिसणारं पण शरीराला न वापरता येणारं द्रव्य असतं. शाकाहाऱ्यांना ते दूध-दह्यातून मिळतं; गरज रोज २.२ मायक्रोग्रॅम आणि १०० मिली दुधात जेमतेम अर्धा. दोन कप चहातल्या दुधाने ती भागत नाही. त्यात उतारवयात पोटातलं आम्ल कमी होतं, मेटफॉर्मिनने शोषण घटतं, आणि ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर आणखी घटतं.

आधी रक्त तपासून घ्या, गोळ्या नंतर. नाहीतर आकडा फसवा येतो. मनाने नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका. त्याने रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. डॉक्टरांनी १००० मायक्रोग्रॅमची गोळी लिहिली तर घाबरू नका, एवढ्यातलं थोडंसंच शोषलं जातं. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. मेटफॉर्मिन मात्र परस्पर बंद करू नका.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, हिमोग्लोबिन १०.४. पालक रोज देते, तरी वाढत नाही. क्लासहून आली की पोहे आणि चहा घेते. (कळवा)

तो चहा आधी हलवा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह आतड्यात अडकतं. खाण्याच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. पालकातलं लोहही फारसं शोषलं जात नाही. पोह्यांवर लिंबू पिळा, पण गॅस बंद केल्यावर. लोह शोषायला मदत करणारं त्यातलं क जीवनसत्त्व उकळीत जातं. पेरू, आवळा चालेल. मोड आणल्याने कडधान्यातलं फायटेट (लोह धरून ठेवणारं द्रव्य) घटतं आणि लोह मोकळं होतं. चिंच-आमसुलाची आमटी लोखंडी कढईत करा, मात्र झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

तरीही हिमोग्लोबिन १०.४ असताना ही तूट नुसत्या जेवणाने भरून निघणार नाही. डॉक्टरांना दाखवा, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंत आहेत का, हेही बघायला हवं. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि आकडा सुधारला म्हणून लगेच थांबवू नका. साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात.

प्रश्न : दूध पचत नाही, कॅल्शियमचं काय? (ऐरोली)

दूध पचत नाही अशा बऱ्याच जणांना दही पचतं. रोज १००० मिलीग्रॅम हवं : वाटीभर दह्यातून साधारण १८०, ५० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून १८०, ५० ग्रॅम पनीरमधून २४०, १०० ग्रॅम मेथीतून २७०, न सोललेल्या तिळाच्या चमचाभर चटणीतून शंभरेक.

प्रश्न : पावसाळ्यात मटकी चिकट होते, आंबूस वास येतो. (खारघर)

दमट हवेत गच्च बांधलेल्या पुरचुंडीला वारा लागत नाही, म्हणून. आठ तास भिजवा, दोनदा धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या. मग चाळणीत पातळ पसरून वर ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं टाका. सकाळी एकदा धुऊन पुन्हा पसरा. मोड अर्ध्या इंचाचे झाले की फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. वास आलेली मटकी शिजवूनही खाऊ नका, टाकून द्या. आणि पावसाळ्यात मोड कच्चे न खाता वाफवूनच घ्या.