विष काढलेला नाग आणि शिकाऊ सर्पमित्र : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. आमचे सर्पमित्रांचे छोटे मंडळ आहे. पावसाळ्यात केळीच्या बागा, गोठे आणि वस्तीतील घरे येथून साप निघाल्याचे सतत फोन येतात आणि गावोगावची तरुण मुले आमच्याकडे शिकायला येतात. परदेशात शस्त्रक्रियेने विषग्रंथी काढलेले साप शिकाऊंच्या हाती देतात, असे आमच्यातील काहींच्या पाहण्यात आले आहे. असा एक नाग मंडळाजवळ असला तर मुलांचा हात बसेल आणि उद्या एखाद्याचा जीव वाचेल, असे एका गटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या गटाला ते पटत नाही. आपले मत कळवावे.
— एक सर्पमित्र, यावल तालुका, जि. जळगाव

उत्तर : पहिल्या गटाचा हेतू चांगला आहे, म्हणून त्यांची बाजू आधी मांडतो. ग्रंथी काढलेला नाग वागण्यात इतर नागांसारखाच असतो. तो फणा काढतो, फुत्कारतो, अंगावर झेपावतो आणि चावतोही. रबरी साप यातले काहीच करत नाही, त्यामुळे त्याच्यावर सराव केलेल्या मुलाचे पाय खऱ्या नागासमोर लटपटतात, हे आपणही पाहिले असेल. शिकाऊ माणूस चुकणारच, आणि विषारी सापाबाबत त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, तेव्हा ती किंमतच काढून टाकावी, असा हा विचार आहे. ‘व्हेनोमॉइड’ नावाने ओळखले जाणारे असे साप अमेरिकेतील काही हौशी लोक बाळगतात आणि ऑस्ट्रेलियात ते लोकांसमोरच्या खेळांतही वापरले गेले आहेत. तेथेही या प्रकारावरून पाळणाऱ्यांमध्ये तीव्र मतभेद आहेत.

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय, ते पाहू. नागाची विषग्रंथी डोळ्याच्या मागे, वरच्या जबड्याच्या कडेने, कातडीखाली असते. तिच्यावर स्नायूचा पट्टा असतो. चावताना तो आवळला की विष एका बारीक नळीतून पुढे येते आणि पोकळ दातातून बाहेर पडते. शस्त्रक्रियेत एकतर ही नळी बांधतात वा कापतात, किंवा संपूर्ण ग्रंथीच काढून टाकतात. ग्रंथी काढल्यावर गाल खपाटीला जातात, म्हणून काही ठिकाणी त्या जागी सिलिकॉनचा तुकडा बसवण्याचीही रीत आहे. नुसती बांधलेली किंवा कापलेली नळी पुन्हा जोडली जाऊ शकते, आणि ग्रंथीचा थोडा भाग आत राहून गेला तर तेथे विष तयार होत राहते. शस्त्रक्रिया झालेल्या सापांच्या दंशाने विषबाधा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. बाहेरून पाहून कोणता साप रिकामा आणि कोणता भरलेला, हे सांगता येत नाही. म्हणजे ज्या खात्रीसाठी हा सगळा खटाटोप करायचा, ती खात्रीच मिळत नाही. पिशवीवरील चिठ्ठी बदलली किंवा दोन पेट्यांची अदलाबदल झाली, तर काय होईल हे आपल्या मंडळातील कोणालाही वेगळे सांगायला नको.

पण समजा, शस्त्रक्रिया निर्दोष झाली आणि चिठ्ठ्याही कधी चुकल्या नाहीत, तरीही माझा विरोध कायम राहील, आणि या वादात तोच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांचा ‘हात बसावा’ असे आपण लिहिता. नागाला हात लावण्याची सवय हीच मुळी मोडायची गोष्ट आहे. भारनियमनाच्या वेळी मोटारीच्या स्टार्टरमध्ये बिनधास्त हात घालायला शिकलेला माणूस वीज असतानाही एक दिवस तसाच हात घालतो. रिकामा नाग चावला की मुलगा रक्त पुसतो, मित्र हसतात आणि सराव पुढे चालू राहतो. त्याच्या हाताला त्या दिवशी मिळालेला धडा असा असतो की दंश झाला तरी फारसे बिघडत नाही. हा धडा तो कडब्याच्या गंजीखालच्या खऱ्या नागापर्यंत घेऊन जातो. सर्पमित्रांना झालेल्या दंशांच्या बातम्या वाचाव्यात. साप पकडताना झालेल्या दंशांइतकेच, साप पकडल्यानंतर गर्दीला दाखवताना, त्याच्यासोबत छायाचित्र काढून घेताना किंवा पिशवीत भरताना झालेले दंश त्यांत आढळतात. शेपटी हातात धरून भाषण करणारा सर्पमित्र आपल्याकडे नवा नाही, आणि त्याला टाळ्या देणारे आपणच असतो.

साप हातात न घेता पकडण्याची पद्धत उपलब्ध आहे आणि ती शिकायला विष काढलेला साप लागत नाही. केरळ वनविभागाने २०२० पासून सर्पमित्रांसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची जी व्यवस्था आणली, तिचा भर हुक, पिशवी आणि नळी यांवर आहे. कापडी पिशवीच्या तोंडात प्लॅस्टिकचा नळीचा तुकडा घट्ट बसवतात आणि नळीचे उघडे तोंड भिंतीच्या कडेला, सापाच्या समोर ठेवतात. कोपऱ्यात सापडलेला साप अंधारी जागा शोधत असतो. लांब दांड्याच्या हुकाने त्याला हलकेच त्या बाजूला वळवले आणि पकडणारा दोन पावले मागे सरून स्तब्ध उभा राहिला, की तो बहुधा आपणहून नळीत शिरतो. तो पिशवीत पूर्ण गेला की नळीमागे हुकाच्या दांड्यानेच पिशवी दाबून पीळ घालायचा आणि मग गाठ मारायची. बोटे कापडाच्या पलीकडे असलेल्या सापाच्या टप्प्यात एकदाही येत नाहीत. यात पाहणाऱ्याला मजा वाटण्यासारखे काही नसते, घाई केली तर काम बिघडते, आणि गर्दी लांब हटवल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. हा सराव आधी रबरी सापावर, नंतर जाणत्या सर्पमित्रासोबत बिनविषारी सापाच्या प्रत्यक्ष फोनवर, आणि पुष्कळ नंतर त्याच्याच देखरेखीखाली विषारी सापावर, अशा क्रमाने करता येतो. मुलाचे पाय लटपटण्याचा जो प्रश्न वर आला, त्याचेही उत्तर याच क्रमात आहे. धामण वेगाने पळते आणि कचकचून चावते. तिच्यासमोर ज्याची धांदल उडते त्याला नागाच्या फोनवर पाठवू नये, इतके तिच्यावरून कळते.

आणखी एक गोष्ट पहिल्या गटाच्या लक्षात आणून द्यावी. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आहेत, आणि फणा काढलेला नाग तर शाळकरी मूलही ओळखते. घात होतो तो ओळखण्यातील चुकीने. घोणसाला अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून हात घातल्याचे प्रसंग वारंवार घडतात. कवड्या साप आणि मण्यार यांच्यात अशीच गल्लत होते. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेकडे पुसट किंवा नसल्यासारखे आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे याउलट मानेकडे ठळक असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले षटकोनी आणि बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे असतात. विष काढलेला एक नाग यातले काय शिकवणार? घोणसाचे दात तर इतके लांब आणि दुमडणारे असतात की मान पकडली तरी तो डोके वळवून बोटाला दात लावू शकतो, तेव्हा नागावर बसलेला हात तेथे उलट घातक ठरेल.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य किंवा बंदिस्त प्राण्याला पकडणे, जखमी करणे आणि त्याच्या शरीराचा भाग काढून घेणे हे सर्व येते. नागाची ग्रंथी काढणे हे त्या व्याख्येत सरळ बसते. मंडळाजवळ प्रशिक्षणासाठी नाग ठेवणे हाही गुन्हाच आहे, मग त्याची ग्रंथी शाबूत असो वा नसो. शिक्षण, संशोधन किंवा औषधासाठी विष काढणे अशा कारणांकरिता परवाना देण्याची तरतूद आहे. परंतु तो मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि हौशी मंडळांसाठी ही पळवाट नाही. तमिळनाडूतील इरुळा समाजाची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था अशाच परवान्यावर साप धरून विष काढते आणि ठरावीक मुदतीनंतर ते साप पुन्हा रानात सोडते. त्या विषापासून बनलेली लस उद्या आपल्याच एखाद्या मुलाला द्यावी लागेल, ही गोष्ट ग्रंथी कापायला निघालेल्यांनी ध्यानात घ्यावी.

प्रश्न : नागपंचमीच्या आसपास आमच्या शाळेजवळ एक गारुडी आला होता. नागाचे दात काढले आहेत असे सांगून त्याने मुलांना नागाला हात लावू दिला. मी मुलांना मागे ओढले, त्यावर काही पालक माझ्यावरच रागावले. माझे चुकले का?
— एक शिक्षिका, शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : बाई, आपण योग्य तेच केलेत. सापाचे विषदात आयुष्यभर बदलत राहतात. चालू दाताच्या मागे राखीव दात तयार होत असतात आणि पुढचा दात पडला किंवा उपटला, की काही दिवसांत किंवा आठवड्यांत मागचा त्याची जागा घेतो. दात काढले तरी ग्रंथीतले विष तसेच राहते. शेवटचे दात कधी उपटले, हे गारुड्याखेरीज कोणाला ठाऊक नसते, आणि त्याचा शब्द हाच आपल्याजवळचा एकमेव पुरावा असतो.

नागाच्या हालांबद्दलही पालकांना सांगायला हवे. काही गारुडी तापवलेल्या सुईने ग्रंथी टोचतात, काही जण ओठ दोऱ्याने शिवतात. जबड्यात पू होतो, भक्ष्य गिळता येत नाही आणि काही आठवड्यांत तो मरतो. पंचमीला उपाशी, तहानलेला नाग दुधात तोंड घालतो ते पाण्याच्या ओढीने. दूध त्याचे अन्न नाही आणि ते त्याला पचतही नाही. पुन्हा असा प्रसंग आला तर गारुड्याशी हुज्जत घालण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. एखाद्या मुलाला ओरखडा जरी उठला, तरी त्याला मांत्रिकाकडे नेण्यात वेळ न दवडता, हातपाय हलू न देता, सरकारी रुग्णालयात न्यावे. दंशाच्या जागी चिरा देऊ नये आणि दोरीने आवळून बांधू नये.

प्रश्न : मी पशुवैद्यक आहे. ओळखीच्या एका मंडळाने, खर्च आम्ही देतो, नागाच्या ग्रंथी काढून द्याव्यात, अशी विनंती केली आहे. भूल देऊन, वेदना होऊ न देता ही शस्त्रक्रिया केली तर हरकत कोणती?
— एक पशुवैद्यक, साक्री, जि. धुळे

उत्तर : नकार द्यावा, आणि तो लेखी द्यावा. भूल दिल्याने कापतानाची वेदना टळते. पण शस्त्रक्रिया प्राण्याच्या भल्यासाठी नाही, हा आक्षेप त्याने मिटत नाही. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात, उपचाराच्या हेतूखेरीज प्राण्याच्या संवेदनशील ऊतींत वा हाडांत कापाकापी करण्यास मनाई आहे, ती याच तत्त्वावर. आपल्याकडे पहिल्या उत्तरात सांगितलेली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या लागू होते, आणि चाकू आपल्या हातात असल्याने पहिला जबाब आपल्यालाच द्यावा लागेल. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा चयापचय मंद असल्याने भुलेतून सावरायला त्यांना फार वेळ लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतरची वेदना त्यांच्या हालचालीवरून ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते.

ग्रंथीत गाठ किंवा गळू झालेला नाग वनविभागाने आपल्याकडे आणला, तर ती गोष्ट वेगळी. तो उपचार आहे आणि तो जरूर करावा. अशा वेळी वनाधिकाऱ्यांचे पत्र नोंदीला जोडावे, नागाला पारदर्शक नळीत घेऊनच तपासावे (नळी इतकी अरुंद हवी की त्याला आत वळता येऊ नये), आणि टेबलावर साप आणण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयात सर्पदंशाची लस उपलब्ध असल्याची फोनवरून खात्री करून घ्यावी.