मार खाणाऱ्याकडे बघ

प्रिय बाय,

तुझा मेसेज मागच्या आठवड्यातच वाचला होता, पण नाईट शिफ्ट चालू होती, पहाटे घरी यायचो आणि झोपायचो, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुला हिंदी सिनेमात असिस्टंट डिरेक्टर व्हायचंय हे वाचून खरंच आनंद झाला. पण खाली तू लिहिलंयस की काका मला लव्हस्टोरीच करायचीय, फायटिंगच्या पिक्चरमध्ये शिकण्यासारखं काय असतं. तिथंच मी अडकलो. तीस वर्षं गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटांबरोबर राबतोय मी, आणि मला जे कळलंय ते हेच की प्रेमाचा सीन आणि मारामारी ह्या दोन वेगळ्या विद्या नाहीत.

१९७३ साल घे. मे महिन्यात 'जंजीर' लागला आणि सप्टेंबरात 'बॉबी'. एकात चिडलेला इन्स्पेक्टर, दुसऱ्यात आपल्या गोंयच्या कोळ्याची पोर आणि श्रीमंताघरचा मुलगा. दोन्ही तुफान चालले, आणि बघणारे लोक काही वेगवेगळे नव्हते. 'जंजीर'मधली खुर्चीला मारलेली लाथ सगळ्यांना आठवते, पण ती पुन्हा लावून बघ, ज्याच्याखालून खुर्ची गेली त्या प्राणसाहेबांकडे बघ. लाथेचं वजन त्यांनी उचललंय.

पंच, म्हणजे ठोसा, कसा घेतात ते तुला सांगतो, कारण तू अजून जवळून बघितला नाहीस. मारणारा आणि खाणारा यांच्यात चांगलं हातभर अंतर असतं. कॅमेरा अशा ठिकाणी ठेवतात की ते अंतर दिसत नाही, बहुतेकदा एकाच्या खांद्यामागून. मूठ तोंडासमोरून निघून जाते, लागत नाही. मग लागली असं का वाटतं? कारण मूठ गालाच्या रेषेत आली त्या क्षणी खाणारा मान झटकतो, आधी हनुवटी जाते, मग खांदा, मग कंबर, आणि शेवटी पाय सुटतो. मान जरा आधी गेली की नाटक दिसतं, जरा उशिरा गेली तरी दिसतं. 'ढिश्शूम' आवाज नंतर स्टुडिओत घालतात, सेटवर फक्त श्वास आणि बुटांचा आवाज असतो. फाईट मास्टर रिहर्सलला बघतो तो मार खाणाऱ्याकडे. हिरोला दहा मिनिटांत हात फिरवायला शिकवता येतं, नीट मार खायला शिकायला माणसाची वर्षं जातात.

आता प्रेमाचं सांगतो. काही वर्षांपूर्वी पणजीच्या फोंतेनिश वाड्यात एका पिक्चरचा सीन होता, हिरो पानभर डायलॉग बोलतो आणि शेवटी मनातलं सांगतो. सकाळपासून त्याचेच क्लोजअप चालले होते, सात टेक झाले, चांगलं बोलत होता बिचारा पण सीन काही उभा राहीना. मग डिरेक्टरने कॅमेरा उलटा फिरवला, हिरोला कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि त्याला सांगितलं तू नुसतं बोल, आम्ही तिला घेतो. समोर हिरोइन छत्री मिटवत होती. बोलणं ऐकत ऐकत मिटवत होती, आणि मिटता मिटता मध्येच तिचा हात थांबला, छत्री अर्धी उघडी अर्धी मिटलेली. बस. लाइटमनपर्यंत सगळे गप्प झाले. तो शॉट मी विसरलेलो नाही, तिनं एक शब्दही न बोलता घाव झेलला होता आणि तो झेलताना आम्हाला दिसला.

तू गावच्या जत्रेतल्या नाटकात काम केलंयस ना, मग हे तुझ्या अंगात आधीच थोडं आहे. समोरचा डायलॉग विसरतो, प्रॉम्प्टरचा आवाज पोचत नाही, तेव्हा तू त्याच्याकडे बघत त्याला वेळ मिळवून देतेस, ते बघणं म्हणजेच हे काम. आपल्याकडची गावागावातली मराठी रंगभूमी तुला कुठल्या कोर्सपेक्षा कमी देत नाही, लाजू नकोस त्याला.

आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे मशीनची युक्तीसुद्धा एकच. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, जातात. समुद्रावरचं गाणं स्लो मोशनमध्ये हवं असेल तर कॅमेरा ४८ वर चालवतात, म्हणजे पडद्यावर चाल निम्मी होते, पण ओठ तर गाण्याशी जुळले पाहिजेत, म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. 'नाग्रा' म्हणून आरोळी येते (ते जुन्या टेप मशीनचं नाव, मशीन गेलं पण नाव राहिलं), आणि स्पीकरमधून चिरक्या आवाजात गाणं धावायला लागतं. दोघांना त्या धावत्या गाण्यावर ओठ हलवायचे असतात आणि डोळ्यांत मात्र सगळा निवांतपणा ठेवायचा असतो. पहिल्यांदा बघशील तेव्हा किनाऱ्यावरची पोरं हसतील, तू हसू नकोस, तू त्या हिरोइनच्या डोळ्यांकडे बघ. फाईटला याच्या उलट, २२ किंवा २० फ्रेमवर घेतात, म्हणजे पडद्यावर हात जास्त जलद दिसतो. त्याहून खाली गेलं की केस आणि कपडे विचित्र फडफडतात आणि चोरी पकडली जाते. प्रेम लांबवायचं, मार आखडायचा, हिशोब त्याच २४ चा.

संगीतातही तेच बघ. मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे आणि नोटेशन लिहून देणारे कितीतरी आपले गोंयकार होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझांची अरेंजमेंट. जुनं प्रेमगीत लाव आणि गाणाऱ्याकडे लक्ष न देता ओळ संपल्यावर मागून जी व्हायोलिनं उत्तर देतात ती ऐक. ऐकणाऱ्याचा क्लोजअपच आहे तो.

आता एक गोष्ट जरा कडक सांगतो. एका पिक्चरला आमच्या ओळखीचा एक मुलगा डुप्लिकेट म्हणून, म्हणजे नटाच्या जागी, गडाच्या भिंतीवरून खाली पडणार होता. खाली रिकामी पुठ्ठ्याची खोकी रचतात, त्यावर गाद्या टाकतात, खोकी दबतात आणि माणूस वाचतो. सूर्य उतरत होता, घाई चालली होती, फ्रेममध्ये खोकी दिसतात म्हणून कुणीतरी कडेची रांग काढली आणि वर कुणी सांगितलंच नाही. तो नेमका कडेला पडला, खांदा निखळला. प्रॉडक्शनने दोन दिवसांचे पैसे दिले आणि युनिट मुंबईला गेलं. तो अजून उजवा हात पूर्ण वर करू शकत नाही. तेव्हापासून मी खोकी स्वतः मोजतो, ते माझं काम नाही असं सांगितलं तरी मोजतो. मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही, २६ जुलै १९८२ ला बेंगळुरूला 'कुली'च्या फाईटमध्ये उडीचं टायमिंग किंचित चुकलं आणि टेबलाच्या कोपऱ्याने अमिताभ बच्चन मरणाच्या दारात जाऊन आले, पिक्चरमध्ये तो शॉट आला की चित्र थांबवून ते लिहून दाखवलंय. असिस्टंटच्या हातात वॉकी असतो, तुला शंका आली तर 'थांबा' म्हण, कितीही मोठा माणूस ओरडू दे. आणि मुलीचं फाईटमध्ये काय काम असं कुणी म्हटलं तर त्याला रेश्मा पठाण यांचं नाव सांग, 'शोले'त हेमा मालिनीच्या टांग्यावर डुप्लिकेट म्हणून त्या होत्या.

गोव्यात काम करायचं तर समुद्र शिक. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून सूर्य थेट पाण्यात बुडतो, मुंबईवाले त्यासाठीच येतात. पण भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि सूर्य काही तसा थांबत नाही. आज संध्याकाळी ज्या खडकावर हिरोइन बसली तो उद्या त्याच वेळी तसाच कोरडा नसेल, चार दिवसांनी तर तिथं लाटा आपटत असतील. एका युनिटला मी हे सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, अर्धा सीन कोरड्या खडकावर आणि अर्धा गुडघाभर पाण्यात, शेवटी सगळा सीन काढून टाकावा लागला. शेड्युल बनवताना पंचांग जवळ ठेव, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांना विचार, ते तिथीवरून सांगतात. मोरजी, आगोंदला कासवांचा सीझन असला की रात्री लाइट लावायचा हट्ट कुणी धरला तर तूच आधी नाही म्हण. आणि फोंतेनिशमध्ये कुणाच्या पायरीवर ट्रायपॉड ठेवण्याआधी दार वाजवून विचार, तिथं माणसं राहतात.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. पहिलं काम रस्त्याच्या तोंडाला उभं राहून स्कूटर थांबवायचं मिळेल, ते मनापासून कर, तिथून सगळा सेट दिसतो. रोल देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर तिथूनच परत फिर. किती दिवस, किती पैसे, किती तासांची शिफ्ट हे मेसेजवर का होईना लिहून घे. रात्री पॅकअपनंतर घरी सोडायला गाडी आहे का हे आधी विचार, उगाच संकोच करू नकोस.

तोवर एक कर. तुझ्या आवडीची एक लव्हस्टोरी आणि तू नावं ठेवलेला एक फाईटचा पिक्चर, दोन्हींतला एकेक सीन आवाज बंद करून बघ, हातात घड्याळ घे, आणि देणाऱ्यावर कॅमेरा किती सेकंद आहे आणि घेणाऱ्यावर किती ते वहीत लिही. दोनदा कर. वही घेऊन ये. येत्या रविवारी आमची तेरेखोलला रिहर्सल आहे, दोन मुलं फक्त पडायची प्रॅक्टिस करणार आहेत, कॅमेरा नाही, काही नाही. सकाळी सातला पोच, सपाता नको, बूट घालून ये, आणि आईला माझा नंबर देऊन ये.

तुझा काका