चिनी मार्शल आर्टमध्ये एक इंचावरून मारलेल्या ठोशात एवढा जोर कुठून येतो? श्वासाचा काय संबंध?

हातातून नाही, पायातून. मागचा पाय जमीन रेटतो, गुडघा सरळ होतो, कंबर वळते, मग खांदा, कोपर, शेवटी मनगट. हे सगळं निमिषात. ब्रूस लीने १९६४ साली कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत असा ठोसा दाखवला होता. तसलं चित्रीकरण बघताना मुठीकडे नको, मागच्या गुडघ्याकडे आणि कमरेकडे लक्ष ठेवा.

म्हणूनच नवख्यांना आधी 'मा बू' करायला लावतात: पाय फाकवून, गुडघे वाकवून, मांड्या थरथरेपर्यंत उभं राहायचं. कंटाळवाणं आहे, पण गुडघा आत कलला की जोर तिथेच गळतो.

ठोसा लागतानाच श्वास झटकन सोडायचा. पोटाचे स्नायू आवळतात, धड घट्ट होतं आणि पायाचा रेटा मधेच विरत नाही. बेंबीखालच्या 'दान्तिएन' नावाच्या जागी 'ची', म्हणजे प्राणशक्ती, साठते वगैरे मला पटत नाही. पण लक्ष तिथे ठेवलं की खांदे सैल राहतात, हे खरं. श्वास कोंडून मारलंत तर तेच खांदे आखडतात आणि हात मंदावतो.