भिगवणला सूर्योदयाच्या वेळी होडीतून फ्लेमिंगो पाहायला कधी जावे आणि उडत्या थव्याचा फोटो कसा मिळेल?

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जावे, पण भिगवणचे पाणी म्हणजे उजनी धरणाचे पाणी, म्हणून तारीख ठरवण्याआधी धरणाची पातळी विचारून घ्यावी. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उथळ पाण्यात उभे राहून चिखल गाळून खातात. धरण भरलेले असेल तर त्यांना पाय टेकायला जागा राहत नाही, मग ते उशिरा येतात किंवा दुसरीकडे जातात. पाणी सोडल्याने काठचा गाळ उघडा पडू लागला की थवे उतरतात. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण 100 किलोमीटर अंतर आहे. पहाटे चारला निघालात तर उजाडायच्या आत कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या काठावर पोहोचाल.

उत्तर लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्या भागामुळे. उडत्या थव्याचा फोटो हमखास मिळवायचा असेल तर तिथे एकच मार्ग अवलंबला जातो, तो म्हणजे चरणाऱ्या पक्ष्यांवर होडी घालणे. आपण तसे करू नये.

माझे आजोळ जुने पळसदेव. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली आजोबांचे घर आणि गावाची काळी जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे देऊळ तेवढे वर येते. ज्या गाळात हे पक्षी चोच घालतात तो आमच्या लोकांच्या शेतांचा गाळ आहे, म्हणून त्या पाण्याकडे मला केवळ सहलीचे ठिकाण म्हणून पाहता येत नाही.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी माझ्या मेहुण्यांना तिथे घेऊन गेलो. त्यांनी नुकतीच मोठी लेन्स घेतली होती. होडी वल्हवणारे गृहस्थ सत्तरीचे असतील. आजोळच्या भागातले म्हणून मी त्यांना मामा म्हणत होतो. पाण्यावर धुके होते, चिलापी माशांसाठी रात्री टाकलेली जाळी ओढणाऱ्या होड्या परतत होत्या, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे बाजूला सरकत होते आणि लांब गाळाच्या एका पट्टीवर पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, बसले होते. सूर्य वर आला तेव्हा समोर दोनेकशे रोहित माना खाली घालून चरत होते. त्यांचा तो खालच्या पट्टीतला अखंड कलकल आवाज अजून माझ्या कानांत आहे.

मेहुणे म्हणाले, “मामा, अजून आत घ्या. उडू द्या त्यांना.” मामा म्हणाले, “आत्ताच उतरल्यात साहेब, जरा चरू द्या की.” मेहुण्यांनी वरचे पैसे देऊ केले. मामांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी गप्प राहिलो. होडी आत गेली, पक्षी पाण्यावर धावत सुटले आणि एकदम सगळे आकाश गुलाबी व काळे झाले. दृश्य अप्रतिम होते, हे मी नाकारत नाही. थवा मात्र पार करमाळ्याच्या बाजूला जाऊन बसला. आमच्या मागून आलेल्या होडीत एक आजी आणि दोन लहान मुले होती. त्यांनी रिकामा चिखल पाहिला आणि ती परत फिरली.

तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की, “दाजी, पंख आहेत त्यांना, ते उडणारच.” तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे, त्यामुळे प्रत्येक सणाला विषय निघतोच. माझे उत्तर मी इथे नीट लिहून ठेवतो. रोहित चोच उलटी धरून, जिभेच्या पंपाने पाणी आत-बाहेर करून, चोचीतल्या बारीक जाळीने कण गाळतो. अशा खाण्याने पोट भरायला वेळ लागतो, आणि एवढा मोठा पक्षी जागेवरून सरळ उडू शकत नाही; त्याला आधी धावावे लागते. एका होडीने एकदा उठवले तर ते कदाचित सोसेल, पण सुट्टीच्या दिवशी एकामागून एक होड्या येतात आणि प्रत्येकीतल्या माणसाला आपलाच फोटो हवा असतो. पट्टकदंबांना तर उन्हाळ्याआधी हिमालय ओलांडून उत्तरेला जायचे असते. त्यासाठीची चरबी ते इथे आणि आसपासच्या शेतांत चरूनच साठवतात. लोक भिगवणला अभयारण्य म्हणत असले तरी तो धरणाचा फुगवटा आहे, आणि होडी किती जवळ न्यायची हे तिथे बहुतेक वेळा गिऱ्हाईकच ठरवते. म्हणून दोष मामांचा नव्हता. तो मेहुण्यांचा होता आणि माझाही होता.

पुढच्या वर्षी मी आईला घेऊन त्याच मामांच्या होडीत बसलो. मामांनी थव्यापासून बऱ्याच अंतरावर बांबू रोवून होडी थांबवली. आई पाण्याकडे बोट दाखवून कोणाचा मळा कुठे होता ते सांगत राहिली आणि मामा मान डोलवत राहिले. पाऊण तासात पक्षी चरत चरत आपणहून इतके जवळ आले की आईला चष्म्याशिवाय त्यांचे डोळे दिसले. त्यातले दहा-बारा स्वतःच उठून दुसऱ्या पट्टीवर गेले. असा फोटो आपण खुशाल काढावा.

कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, शेव-फरसाण टाकून होडीभोवती फिरवण्याची पद्धतही मला मान्य नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती: लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. मे 2024 मध्ये याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. वारा वाढू लागला की नावाडी म्हणेल तेव्हा परत फिरा.

या फेब्रुवारीत मेहुण्यांना पुन्हा यायचे आहे. लेन्स हवी तेवढी मोठी आणा, पण होडी मामा थांबवतील तिथेच थांबेल, अशी अट मी त्यांना कळवली आहे. त्यांचा होकार अजून आलेला नाही.